चित्रकार बाबूराव पेंटर

कोल्हापूरचे सुप्रसिद्ध चित्रकार बाबूराव पेंटर ह्यांचा जन्म ता. ३ जून १८९० रोजीं झाला. मूळचें आडनांव मेस्त्री. परंतु लोकांनीं त्यांस धंद्याचेंच नांव दिलें व तेंच कायम झालें. शाळेंतील शिक्षण बेताचें. कलाशाळेची पायरी तर ते कधींच चढले नाहींत. चित्र काढणें, मूर्ति घडविणें, हें सारें ते पाहून व स्वतः करून शिकले.

नात्यानें बंधु लागणारे आनंदराव मेस्त्री ह्यांजबरोबर ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवूं लागले. जत्रेंत असे पडदे ज्यांनीं पाहिले असतील त्यांस ठाऊक आहे कीं, सपाट कापडावर लांबच लांब राजवाडा उभा करणें हें सोपें काम नव्हे. ह्यांत दोघांचा चांगला लौकिक झाला. परंतु १९१३ सालीं फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' निघाला, आणि हलणाऱ्या चित्रांनीं ह्या बंधूंस वेड लाविलें. विलायती कॅमेरा घेण्यास पैसा नव्हता, म्हणून तो स्वतःच बनविण्याचें त्यांनीं मनांत घेतलें. काम अर्धवट असतांच १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं दामले ह्यांच्या मदतीनें तें १९१८ त पुरें केलें. गायिका तानीबाई कागलकर ह्यांनीं द्रव्यसाहाय्य केलें व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० त 'सैरंध्री' हा मूकपट निघाला. तो पाहून लोकमान्य टिळकांनीं त्यांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. ज्या रंगीत पडद्यांनीं त्यांस भाकरी व नांव दिलें, तेच त्यांनीं बाजूस सारले. चित्रपटांत पडदा खोटा दिसतो हें ओळखून ते खरीखुरीं घरें, वाडे उभारूं लागले. 'सिंहगड' (१९२३) मध्यें कृत्रिम प्रकाशाचाहि उपयोग केला. चित्रीकरणापूर्वीं प्रत्येक प्रसंग ते कागदावर काढीत. हात चित्रकाराचा तो चित्रकाराचाच राहिला.

देवादिकांच्या व राजेरजवाड्यांच्या कथांस गर्दी लोटत असतां १९२५ सालीं त्यांनीं 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरि आपटे ह्यांची. कर्जापायीं जमीन सावकाराच्या घशांत जाते आणि तरुण शेतकरी शहरांत गिरणीचा मजूर होतो. ही भूमिका शांताराम ह्यांनीं केली. अंधुक उजेडांतील झोंपडी व रडणारा कुत्रा हा त्यांतील प्रसंग पुष्कळांच्या स्मरणांत राहिला. सावकाराच्या वहीवर अंगठा उठविणें म्हणजे काय, हें हिंगोलीकडील आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. परंतु पैसे देऊन आपलेंच दुःख पाहण्यास लोक राजी नव्हते. चित्रपट चालला नाहीं, व बाबूरावांस पुन्हा पोषाखी कथांकडे वळावें लागलें.

१९२९ त दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे हाताखालीं तयार झालेले लोक निघून गेले व त्यांनीं 'प्रभात' काढली. बाबूरावांची कंपनी पुढें फार दिवस टिकली नाहीं. तरी १९३६ सालीं, चित्रांस वाणी फुटल्यावर, शालिनी सिनेटोनकरितां त्यांनीं 'सावकारी पाश' पुन्हा बनविला. एकदां पडलेली गोष्ट तीच दुसऱ्यांदा लोकांपुढें मांडली. ता. १६ जानेवारी १९५४ रोजीं ते कोल्हापुरास वारले.