डेम्लो आणि देवळाली : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचली काय वा उजवीकडून वाचली काय, सारखीच राहते. नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा तो वर्ग आहे. मधला ९ बाजूला ठेवून दोन्ही पाखांची बेरीज केली, म्हणजे १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ मिळविले, की आठ नवांची संख्या येते. मधला अंकच बेरजेत पुन्हा पुन्हा उमटतो. दहा एकांचा वर्ग करताना मात्र हातचे आड येतात आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असा तो डौल मोडतो. हे लक्षण असलेल्या संख्यांच्या कुळाला कापरेकरांनी डेम्लो हे नाव दिले. डेम्लो हा कोणी यवन गणिती नव्हे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवरील, मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरचे ते स्थानक, म्हणजे आजची डोंबिवली. तेथे ही कल्पना त्यांना सुचली.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी मातृवियोग घडला. वडील कारकून, परंतु फलज्योतिषाचे व्यासंगी. त्या गणितांतूनच मुलाला आकड्यांचा नाद लागला. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी. पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते.

भारतीय गणितज्ञांपैकी अनेकांना हे संशोधन पोरखेळ वाटे. तो आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. अंकांचे हे गुणधर्म दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून असतात. पाया बदलला की बहुतेक चमत्कार ओसरतात. पण एवढ्यावरून ते क्षुद्र ठरत नाहीत. १९४९ मध्ये कापरेकरांनी ६१७४ चा शोध मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि उत्तरावर तीच क्रिया करीत राहावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ पासून निघाल्यास ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४.

साहित्याच्या अभ्यासकाला अधिक रस वाटावा तो त्यांच्या नामकरणाचा. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येस त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, म्हटले. वरील सतरा अंकी संख्याही हर्षदच आहे : अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी हाती येत नाही, उदाहरणार्थ २०, ती स्वयंभू. तिलाच देवळाली संख्या असेही नाव आहे. ग्रीक-लॅटिन परिभाषेच्या शास्त्रात संस्कृत शब्द आणि मराठी मुलखातील गावे अशी शेजारी नांदू लागली.

लेखन बहुधा किरकोळ नियतकालिकांत किंवा पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांत झाले. १९६६ मध्ये पत्नी निवर्तली; निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून शिकवण्या चालूच होत्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर परदेशी गणितज्ञ त्यांच्या संख्यांकडे वळले. १९८६ मध्ये कापरेकरांचे निधन झाले.