मॅकफर्सन स्ट्रटमागचा माणूस
आमच्या सायखेड्यात दिसणाऱ्या जुन्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकामागे बघा. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच खांबात बसवलेत. हाच मॅकफर्सन स्ट्रट.

अर्ल मॅकफर्सन अमेरिकन इंजिनिअर, जन्म १८९१. शेवरलेसाठी त्यांनी छोटी, स्वस्त कार आखली. १९४७ मध्ये कंपनीने ती गुंडाळली. ते फोर्डमध्ये गेले. १९५० मध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सलला त्यांचा स्ट्रट होता. १९६० मध्ये ते वारले. सॉफ्टवेअरमध्येही मी हेच बघतो: प्रोजेक्ट बंद पडतो, चांगलं डिझाइन टिकतं.

स्टिअरिंगसोबत हा स्ट्रटही फिरतो. वळताना वरून कटकट आली तर माउंटिंग तपासून घ्या. स्ट्रट बदलल्यावर अलाइनमेंट कराच. आतली स्प्रिंग दाबलेली असते, घरी खोलू नका. सुटली तर जिवावर बेतेल.