बालकांचे उपचार गावाजवळ आणणारे वसंतराव

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला ज्यांचे नाव लाभले, ते वसंतराव नाईक हरितक्रांतीचे शिल्पकार म्हणून सर्वपरिचित आहेत. ग्रामीण बालकांच्या आरोग्यसेवेशी असलेले त्यांचे नाते मात्र फारसे स्मरले जात नाही.

१ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे बंजारा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नागपुरात कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी पुसदला वकिली केली. १९४६ मध्ये ते तेथील नगराध्यक्ष झाले.

१९६० मध्ये नेमलेल्या लोकशाही विकेंद्रीकरण समितीचे ते अध्यक्ष होते. तिच्या शिफारशींतून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे आला. जुलाबाने कोमेजलेले मूल थोड्या विलंबानेही दगावते. लस आणि पहिला उपचार गावाजवळ मिळण्याचे मोल त्यामुळेच मोठे.

डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ ते मुख्यमंत्री होते. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी असंख्य घरांतील चुली पेटत्या राहिल्या.

१८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही उमरखेड किंवा झरी जामणीच्या अत्यवस्थ नवजात बालकाला यवतमाळ दूरच आहे. बालरोगतज्ज्ञ आणि नवजात कक्ष तालुक्यापर्यंत पोहोचविणे, हीच वसंतरावांच्या विकेंद्रीकरणाची पुढची पायरी ठरेल.