थोर शास्त्रज्ञ लुईजी गॅल्व्हानी

इटली देशात बोलोन्या नावाचे शहर आहे. तेथे ९ सप्टेंबर १७३७ रोजी लुईजी गॅल्व्हानी यांचा जन्म झाला. त्यांचे वडील सोनार होते. लहानपणी लुईजींना देवाधर्माची फार ओढ होती. साधू व्हावे असे त्यांच्या मनात होते. पण घरच्यांनी समजावले म्हणून ते शिकले आणि १७५९ साली डॉक्टर झाले. पुढे ते त्याच शहरातील विद्यापीठात शिकवू लागले. शरीराच्या आत काय काय असते हा त्यांचा विषय होता.

१७६२ साली त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव लुचिया. ती त्यांच्या गुरुजींचीच मुलगी. ती शिकलेली होती व प्रयोगात मदत करायची. पुस्तकात तिचे नाव अगदी थोडे येते. ते मला बरोबर वाटत नाही.

मित्रांनो, त्या काळी घरात बल्ब नव्हते आणि शेतात मोटरपंपही नव्हते. फक्त घासून घासून विजेची ठिणगी पाडायचे एक यंत्र होते. १७८० च्या सुमारास गॅल्व्हानींनी बेडकांवर प्रयोग सुरू केले. एकदा टेबलावर मेलेला, सोललेला बेडूक ठेवला होता. मदतनीसाने सुरीचे टोक त्याच्या पायाच्या नसेला लावले, आणि तेवढ्यात बाजूच्या यंत्राची ठिणगी पडली. मेलेल्या बेडकाने तंगडी झाडली! सगळे चकित झाले.

ही नस म्हणजे रक्ताची नस नव्हे. तिला मज्जातंतू म्हणतात. तो पांढऱ्या दोऱ्यासारखा असतो. डोक्यातला हुकूम तो हातापायाला पोचवतो आणि चटका बसला तर तो निरोप डोक्याकडे नेतो.

मग गॅल्व्हानींनी घरावर उंच तार लावली आणि ती बेडकाच्या नसेला जोडली. आभाळात वीज चमकली की पाय उडे. (असे कोणी करू नये. आमच्याकडे कडाडायला लागले की आजी अंगणातही जाऊ देत नाही.) १७८६ साली त्यांनी पितळेच्या आकड्यांनी बेडकाचे पाय लोखंडी कठड्याला लटकवले. आभाळ स्वच्छ होते, तरी आकडा कठड्याला टेकला की पाय हलत होते. तेव्हा त्यांनी ठरवले की वीज प्राण्याच्या अंगातच असते. १७९१ साली त्यांनी हे सर्व लॅटिन भाषेत छापले. पण ते पाहायला लुचिया नव्हती. ती आधीच वारली होती. त्यांना मूलबाळ नव्हते.

इटलीतच व्होल्टा नावाचे दुसरे शास्त्रज्ञ होते. आधी त्यांना गॅल्व्हानींचे म्हणणे पटले. नंतर ते म्हणू लागले की वीज बेडकात नाही, पितळ व लोखंड या दोन धातूंमुळे तयार होते. मोठा वाद झाला. गॅल्व्हानींनी मग धातू न लावता नुसती नस मांसाला टेकवून पाय हलवून दाखवला. खरे म्हणजे दोघांचेही थोडे थोडे बरोबर होते. व्होल्टांनी १८०० साली बॅटरी तयार केली, तिच्यावरून पुढे टॉर्चचे सेल आले. आणि अंगात वीज असते म्हणूनच दवाखान्यात छातीला वायर लावून हृदयाची पट्टी काढतात.

गॅल्व्हानींचे शेवटचे दिवस वाईट गेले. नेपोलियनच्या फौजा आल्या, राज्य बदलले. १७९८ साली सर्व शिक्षकांना नव्या सरकारची शपथ घ्यायला सांगितले. गॅल्व्हानींच्या मनाला ते पटेना. त्यांनी शपथ घेतली नाही. नोकरी गेली. ते भावाच्या घरी राहू लागले. नोकरी परत द्यायचे ठरले होते, पण ४ डिसेंबर १७९८ रोजी त्यांचे निधन झाले. बोलोन्यात त्यांचा पुतळा आहे. त्याच्या हातात पाटी आहे आणि पाटीवर बेडूक. आपल्या नळाला जी.आय. पाइप असतो, त्यातला जी म्हणजे गॅल्व्हनाइज्ड. हा शब्द त्यांच्या नावावरूनच आला. प्लंबरला हे माहीत नव्हते, मी सांगितले.

मी हे चरित्र निवडले त्याला कारण आमचे काका आहेत. गहू कापताना विळा लागून त्यांच्या मनगटातली नस तुटली. नागपूरला नेले. डॉक्टरांनी ती बारीक धाग्याने शिवली. पण करंगळी व तिच्या शेजारचे बोट हलत नव्हते. आता तिथे हाताला पट्ट्या लावून मशीनने हळू करंट देतात, मग बोटे आपोआप उडतात. अगदी बेडकासारखी! हा करंट मांस सुकू नये म्हणून असतो. नस आपली हळूहळूच वाढते, दिवसाला साधारण १ मिलिमीटर.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. कापलेल्या नसेचे धागे जोडाच्या पलीकडे जायलाच खूप दिवस लावतात. म्हणून कॅनडातील डॉक्टरांनी शस्त्रक्रिया झाल्याबरोबर थेट नसेलाच एक तास हलका करंट देऊन पाहिला, सेकंदाला २० वेळा. मनगटात नस दबलेल्या रोग्यांवर त्यांनी हे केले व २०१० साली छापले. ज्यांना करंट दिला त्यांच्या नसा स्नायूंना चांगल्या जुळल्या. करंट न दिलेल्यांच्या तेवढ्या जुळल्या नाहीत. सगळ्या दवाखान्यांत हे अजून होत नाही.

मी फुटपट्टीने काकांच्या टाक्यांपासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजले. १४ सेंटिमीटर भरले. म्हणजे १४० दिवस, आणि सुरुवातीचे काही दिवस वेगळे. काका गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढून राहिले आहेत. रविवारी ९६ रेघा झाल्या. करंगळीला टाचणी लावली तर त्यांना अजून कळत नाही. पण तळहाताच्या कडेला टिचकी मारली की मुंग्या येतात.

(इयत्ता ४ थी)