शब्दांवर पाळत ठेवणारा प्राध्यापक

समोरच्याला माणूस म्हणणं बंद केलं, की त्याला छळणं सोपं जातं. हे व्हिक्टर क्लेम्परर यांनी रोज अनुभवलं आणि जीव धोक्यात घालून लिहून ठेवलं.

क्लेम्परर यांचा जन्म १८८१चा, ज्यू धर्मगुरूच्या घरातला. पुढे ते ख्रिस्ती झाले, पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढले आणि ड्रेस्डेनमध्ये फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक झाले. पण १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि नाझींच्या लेखी ते फक्त ‘ज्यू’ उरले. १९३५मध्ये नोकरी गेली. मग लायब्ररी बंद, गाडी चालवायला बंदी, घर गेलं. पाळलेलं मांजरही ठेवता येईना. १९४१पासून छातीवर पिवळा तारा लावणं सक्तीचं झालं. पत्नी इव्हा ज्यू नव्हती, म्हणून ते छळछावणीत जाण्यापासून वाचले.

हातात उरली फक्त डायरी. भाषेच्या या अभ्यासकाने मग शब्दच टिपायला घेतले. ज्यूंसाठी ‘उंटरमेन्श’, म्हणजे माणसापेक्षा खालचा. कैदी मोजताना ‘श्टुक’, म्हणजे नग. पोती मोजावीत तशी माणसं! आणि कागदोपत्री ‘विशेष वागणूक’ असं लिहिलं, की त्याचा अर्थ असायचा ठार मारणं. ‘फॅनॅटिक’ ही एरवी शिवी, पण नाझींनी तिचं कौतुक करून टाकलं.

क्लेम्परर यांना जास्त धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. नाझींचा राग करणारी साधी माणसं, अगदी ज्यूसुद्धा, नकळत हेच शब्द वापरू लागले होते. भाषेतलं विष थोडं थोडं पोटात जातं आणि परिणाम उशिरा दिसतो, हे त्यांनी ओळखलं.

डायरी सापडली असती तर मरण नक्की होतं. तरी इव्हा लिहिलेली पानं लपवून एका डॉक्टर मैत्रिणीकडे पोहोचवायची. १३ फेब्रुवारी १९४५ला शहरातल्या उरल्यासुरल्या ज्यूंना रवानगीच्या नोटिसा वाटायचं काम क्लेम्परर यांच्यावर आलं. त्याच रात्री ड्रेस्डेनवर बॉम्ब पडले. त्या गोंधळात कोटावरचा तारा काढून टाकला आणि दोघं निसटले.

त्या नोंदींतून १९४७मध्ये नाझी भाषेवरचं ‘एलटीआय’ हे पुस्तक आलं. १९६०मध्ये क्लेम्परर गेले. मूळ डायऱ्या छापून यायला १९९५ उजाडलं.

छळछावण्या नंतर उभ्या राहतात, शब्द आधी येतात. एखाद्या अख्ख्या समाजाला कुणी किडे किंवा घाण म्हणालं आणि आपल्याला हसू आलं, तर तिथेच जरा थांबायला हवं.