हर्णे येथील एक विद्यार्थी : रे. डॉ. जॉन विल्सन

हर्णे बंदराच्या पुळणीवर मासळीचा लिलाव भरतो व समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. परंतु याच किनाऱ्यावर एक थोर उपदेशक प्रथम विद्यार्थी होऊन आला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. त्याचे चरित्र आम्हां उपदेश करणाऱ्यांच्या विशेष उपयोगाचे आहे. म्हणून ते येथे थोडक्यात देतो.

रे. डॉ. जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडातील लॉडर या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरो येथे त्यांनी शास्त्राध्ययन केले. १८२८ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, व त्याच वर्षी मार्गारेट बेन या सुविद्य स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. १८२९ च्या फेब्रुवारीत उभयतां मुंबईस उतरली. त्या काळी स्कॉटिश मिशनरी सोसायटीची ठाणी बाणकोट व हर्णे येथे होती. तेथे जाऊन त्यांनी मराठीचा अभ्यास केला. विद्यापीठाची विद्या पदरी असतांही लोकांच्या बोलीपुढे ते बालकाप्रमाणे बसले. सुमारे सहा महिन्यांत ते मराठीत उपदेश करू लागले, व नोव्हेंबरात मुंबईस परतले.

मुंबईत त्यांस नाना प्रकारचे श्रोते भेटले. सर्वांस एकच औषध त्यांनी दिले नाही. शास्त्री पंडितांशी त्यांनी जाहीर वाद केले. पारशी लोकांशी बोलण्यासाठी त्यांनी त्यांच्या धर्मग्रंथांचा अभ्यास केला, व १८४३ साली त्या धर्मावर मोठा ग्रंथ लिहिला. कोकणातील बेने इस्राएल लोक शब्बाथ पाळीत, परंतु मराठी बोलत; त्यांच्याकरिता विल्सनसाहेबांनी १८३२ साली इब्री भाषेचे व्याकरण मराठीत रचले. मडमसाहेबांनी मुलींच्या शाळा काढल्या. कारण अक्षरओळख नसलेल्या मुलीच्या हाती नुसते शास्त्र देऊन काय उपयोग? १९ एप्रिल १८३५ रोजी त्या माउलीचा अंत झाला.

१८३१ साली त्यांनी मुंबईत एतद्देशीय मंडळी स्थापिली. १८३२ साली काढलेली त्यांची शाळा पुढे वाढून विल्सन कॉलेज झाली. संकटेही आली. १८३९ साली दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले व शाळेतून पुष्कळ मुले काढून नेण्यात आली. तरी त्यांनी काम सोडले नाही. १८६८ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच ते प्रभूमध्ये निजले.

आता एक गोष्ट विचारात घेऊ. विल्सनसाहेबांचे वाद विद्वानांच्या सभेस शोभत. तेच वाद आम्ही आज आपल्या लहान मंडळीपुढे मांडू लागलो, तर काय होईल? समोर बसलेली माणसे तीन पिढ्यांची ख्रिस्ती. मूर्तिपूजेचे खंडन ऐकून त्यांस काय लाभ? एकीचा धनी वादळात समुद्रावर असतो, एकाच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज असते, दोघे भाऊ बांधावरून बोलेनासे झालेले असतात. आम्ही मात्र पुस्तकातला उपदेश वाचून घरी जातो, आणि ती बहीण जशी आली तशीच परत जाते. हा दोष माझ्याकडूनही पुष्कळदा घडला आहे, हे मी कबूल करतो.

यास्तव सुवार्तिक बंधूंनो, विल्सनसाहेबांचे शब्द नव्हे, त्यांची रीत घ्या. शनिवारी पुस्तक उघडण्याआधी दोन घरी जाऊन बसा व ऐका. कोण आजारी आहे, कोणाची होडी निघाली नाही, कोणाचे मूल शाळा सोडून बसले आहे, हे जाणून घ्या. मग शास्त्र उघडून ते ओझे प्रभूपुढे ठेवा, व तेथून मिळेल ते मंडळीस सांगा. आपला प्रभूही विहिरीपाशी पाण्याविषयी बोलला, व कोळ्यांशी जाळ्यांविषयी. सुवार्ता एकच आहे. परंतु ती ज्याच्या दारी न्यावयाची, त्याचे दार आधी ओळखले पाहिजे. देव आपणां सर्वांस ऐकणारे कान देवो.