बेडकाचा स्नायू आणि भरलेली बादली

रिकामी बादली झटकन उचलली जाते, भरलेली सावकाश. पाणी भरणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. पण किती वजनाला किती सावकाश, हे आकड्यांत मांडले इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल यांनी.

१८८६ साली ब्रिस्टलला जन्मलेले हिल मूळचे गणिताचे विद्यार्थी. केंब्रिजमध्ये ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले आणि बेडकाच्या पायातला एक पातळ स्नायू जन्मभर त्यांच्या टेबलावर राहिला. विजेचा एक झटका दिला की हा स्नायू आखडतो आणि जेमतेम ०.००३ अंश सेल्सिअसने तापतो. साधा तापमापक इथे कुचकामी. हिल यांनी दोन धातूंच्या बारीक तारा जोडून केलेल्या उपकरणावर स्नायू ठेवला आणि उष्णतेमुळे तारांत उमटणारी सूक्ष्म वीज मोजली. आखडून झाल्यावर, स्नायू सावरत असतानाही उष्णता निघते आणि तिला ऑक्सिजन लागतो, हे त्यातून कळले. १९२२चे नोबेल त्यांना ऑटो मायरहॉफ यांच्यासह मिळाले.

मला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. लॅक्टिक आम्लामुळे स्नायू आखडतो, असे तेव्हा मानत, हिलही मानत. १९३०मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी दाखवले, की हे आम्ल तयार होऊ दिले नाही तरी स्नायू आखडतो. नोबेल पदरात असूनही हिल यांनी आपली समजूत चुकल्याचे लेख लिहून मान्य केले. १९३८मध्ये त्यांनी वजन आणि वेगाचे प्रसिद्ध समीकरण मांडले. पंच्याहत्तरी उलटल्यावर, १९६४मध्ये, त्यातला उष्णतेचा भाग पुन्हा मोजून स्वतःच दुरुस्त केला. (आम्ही डॉक्टर मंडळी जुने निदान बदलताना किती आढेवेढे घेतो!)

हिटलरच्या छळातून निसटलेल्या शास्त्रज्ञांना त्यांनी आसरा मिळवून दिला. १९४३-४४मध्ये ते भारतात आले आणि देशासाठी एक मोठे वैद्यकीय शिक्षण-संशोधन केंद्र हवे, अशी शिफारस करून गेले. दिल्लीचे 'एम्स' १९५६मध्ये उभे राहिले.

रक्तदाब चढलेल्या रुग्णाच्या हृदयाला प्रत्येक ठोक्याला भरलेली बादली उचलावी लागते. गोळी कशासाठी, हे वॉर्डात समजावताना मी हेच उदाहरण देतो.

हिल १९७७मध्ये वारले. १९९४मध्ये स्नायूतल्या मायोसिनच्या एकेका रेणूची ओढ लेसरच्या चिमट्याने मोजली गेली. ती भरली काही पिकोन्यूटन. एक पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग.